रेंगाळलेला ताप आणि आपले कर्तव्य

(मालवण येथील पालक मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आठ दिवस उलटूनही मुलाचा ताप उतरत नाही, कारणही सापडत नाही, तेव्हा सारे घर हवालदिल होते. मुलांमधील अशा तापाचे मूळ बहुधा एखाद्या संसर्गातच असते. ते शोधण्याचे काम प्रयोगशाळेच्या आधी घरात सुरू होते, हेच मला आज सांगावयाचे आहे.

पहिला संशय विषमज्वराचा येतो आणि विडाल चाचणी होते. परंतु पूर्वीच्या संसर्गामुळेही ती होकारार्थी येऊ शकते. खात्रीचा पुरावा म्हणजे प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी घेतलेले रक्ताचे कल्चर. दुकानातून परस्पर गोळ्या आणून दिल्या, की हा पुरावा आपणच पुसून टाकतो.

पावसाळ्यात आपल्या परड्यांत गवत माजते. त्यातील सूक्ष्म कीटकाची अळी चावली, तर स्क्रब टायफस होतो. चाव्याच्या जागी, बहुधा काखेत, जांघेत किंवा कानामागे, भाजल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. प्रत्येक रुग्णात ती असतेच असे नाही. तथापि अंघोळ घालणाऱ्या आईची नजर येथे मोलाची ठरते. विषमज्वराची नेहमीची इंजेक्शने या रोगावर चालत नाहीत. वेळेवर डॉक्सीसायक्लिन मिळाल्यास बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. विलंब झाल्यास फुप्फुसे व मेंदूपर्यंत विकार पोहोचतो.

मूल मळ्यातील साचलेल्या पाण्यात खेळले असेल, तर लेप्टोस्पायरोसिस आठवावा. घरात कोणी दीर्घकाळ खोकत असेल, तर क्षयरोगाची तपासणी करावी. 2016 साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला. रानात माकडे मरून पडणे ही या रोगाची धोक्याची सूचना असते, आणि ती प्रथम दिसते ग्रामस्थांनाच. ती तत्काळ आरोग्य केंद्रास कळविणे, हे वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

म्हणून मातांनी एक वही ठेवावी. ताप केव्हा चढला, किती चढला, मूल कोठे खेळले, कोणते औषध दिले, हे त्यात लिहावे आणि ती वही वैद्यांपुढे ठेवावी. पुष्कळदा निदानाचा धागा त्याच पानात सापडतो. ही बालके राष्ट्राचे धन आहेत. त्यांच्या रक्षणाचा आरंभ अशा साध्या दक्षतेतून होतो.