श्वास, शील आणि रोजनिशी



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दीक्षा एका दिवसाची. शीलपालन मात्र नित्याचे. म्हणून सायंवंदनेनंतर दहा मिनिटे ताठ बसून येणारा-जाणारा श्वास न्याहाळा, हीच आनापानसती. चित्त निवळल्यावर रोजनिशीत तारीख घालून लिहा : आज पंचशीलांपैकी कोणते शील ढळले? क्रोध कशाने आला? कोणी अपमान केला, तेंदूपत्त्याची मजुरी बुडविली, तर स्थळ, वेळ, साक्षीदार तेथेच नोंदवा. त्या वेळी स्वतः लिहिलेले टिपण साक्षीदारास न्यायालयात स्मरणासाठी पाहता येते. गडचिरोलीच्या रानातील ज्या मातेस अक्षरे येत नाहीत, तिने सांगावे, लेकीने लिहून वाचून दाखवावे. शील आणि हक्क, दोहोंची राखण ही वही करील.

जयभीम!