तापलेल्या वाळूतली सावली



आपल्या बॅचने शाळेला भेट दिलेल्या लाकडी चित्रातल्या पिंपळपानांना कुठला रंग दिला, असं सकाळपासून चौघांनी विचारलं. रंग दिलेलाच नाही. मेपलच्या पांढुरक्या व्हिनियरचे, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या लाकडी पापुद्र्याचे, तुकडे मी तापलेल्या वाळूत भाजलेत. भडभुंजा चणे भाजतो तसेच. फक्त इथे तुकडा चिमट्यात धरून एकच कड वाळूत खोचायची. कढईच्या तळाशी वाळू जास्त तापते, वर कमी. त्यामुळे कड गडद तपकिरी होते आणि वर जाताजाता विरळ होत मूळ पांढऱ्यात मिसळते. पान फुगीर दिसतं ते त्या सावलीमुळे.

युरोपातल्या मार्केट्रीच्या कारागिरांची ही जुनी रीत. अठराव्या शतकातल्या त्यांच्या कपाटांवर हिरव्या रंगात बुडवलेली पानंही असत. तो हिरवा आज बहुतेक ठिकाणी उडालाय, भाजलेली सावली मात्र दिसते. शाळेसाठी मी वाळू निवडली ती म्हणून. जर्मनीच्या डेव्हिड रोंटगेनने तर भाजणंही सोडलं आणि वेगवेगळ्या छटांचे बारीक तुकडे जोडून सावल्या उभ्या केल्या. एवढा धीर आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे कुठला!

उष्णता लाकडात बाहेरून काही घालत नाही. लाकडात सेल्युलोजच्या जोडीला हेमीसेल्युलोज असतं, तेही साखरेच्याच साखळ्यांचं. तापवल्यावर ते आधी मोडतं आणि रंग गडद होतो. कारखान्यात अख्ख्या फळ्या बंद भट्टीत वाफ सोडून, प्राणवायू कमी ठेवून, साधारण १६० ते २३० अंश सेल्सिअसला तापवतात. तिथे रंग आरपार जातो, घासून निघत नाही. पण हेमीसेल्युलोज मोडलं की लाकूड ठिसूळही होतं. पिंपळपानाचं ते लांब टोक आठवा. तिथे जरा जास्त भाजलं की बोटाच्या धक्क्याने तुटतं. शिवाय ओलावा उडून तुकडा आक्रसतो, म्हणून आधी भाजायचं, हलकं ओलं करून वजनाखाली ठेवायचं आणि मगच शेजारच्या तुकड्याला बसवायचं.

किती सेकंद? त्याच पापुद्र्याची कात्रणं वाळूत घालून पाहायची, दुसरा उपाय नाही. इथे अनडूचं बटण नसतं.

एक विनंती मुख्याध्यापकांना. भाजलेलं लाकूडही उन्हात फिकटतं. चित्र कार्यालयासमोरच्या पश्चिमेच्या खिडकीपाशी लावू नका; जिन्याजवळची भिंत बरी.