म्हणणं, सांगणं आणि बोलणं



कोंढ्यात आज पवनी तालुक्यातले इंग्रजीचे इतके शिक्षक जमले आहेत, तेव्हा मी एका चुकीपुरतंच बोलणार आहे. ‘ही सेड मी.’ आपण लाल रेघ मारतो, वर ‘टोल्ड’ लिहितो. पोरगं दुरुस्ती उतरवून घेतं आणि पुढच्या निबंधात पुन्हा तेच लिहितं.

हा निष्काळजीपणा नाही. त्याच्या मनात ‘तो मला म्हणाला’ हे शुद्ध मराठी वाक्य असतं. मराठीत ‘म्हणाला’च्या आधी ‘मला’ सहज बसतो. इंग्रजी ‘से’ला मात्र आधी उच्चारलेले शब्द हवे असतात. ऐकणारा आणायचा तर ‘टू’ लागतो. ‘टेल’ला ऐकणारा जवळच हवा, म्हणून ‘टोल्ड मी’. आणि आपण काय करतो? से, टेल, स्पीक, टॉक हे चार शब्द फळ्यावर मांडतो आणि चौघांपुढे ‘बोलणे, सांगणे’ लिहून मोकळे होतो.

खरं तर हा भेद मराठीला अनोळखी नाही. ‘तो म्हणाला’, ‘तो बोलला’, पण ‘त्यानं सांगितलं’. पहिल्या दोन ठिकाणी कर्त्याला ‘ने’ लागत नाही, तिसऱ्या ठिकाणी लागतो. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. तेव्हापासून प्रयोग शिकवणारे आपण ते ज्ञान मराठीच्या तासालाच ठेवून येतो. ‘त्यानं मला यायला सांगितलं’ म्हणजे ‘ही टोल्ड मी टू कम’. इथे सांगणं म्हणजे आज्ञा, आणि ‘टेल’ही तेच काम करतो. एवढं जुळतं, तर मुलाला ते दाखवायला काय हरकत आहे?

‘बोलणं’ जास्त गमतीचं आहे. ‘आई माझ्याशी बोलली’ आणि ‘आई मला बोलली’ यातला फरक चौथीतल्या मुलालाही कळतो. पहिल्यात गप्पा, दुसऱ्यात रागावणं. इंग्रजीत पहिल्याला ‘टॉक’, दुसऱ्याला ‘टेल ऑफ’. भाषा बोलायची ती ‘स्पीक’ने, सभेत उभं राहून बोलायचं तेही बहुधा ‘स्पीक’नेच. दोघांत देवाणघेवाण चालते ते ‘टॉक’. लग्नाची बोलणी होतात, दोन देशांची बोलणी फिसकटतात. इंग्रजीतही तिथे अनेकवचनी ‘टॉक्स’ येतं. आणि ‘खोटं बोलू नको’? इथे मराठी बोलते, इंग्रजी मात्र सांगते: ‘टेल अ लाय’. अशा जागा थोड्या आहेत. त्या वेगळ्या सांगाव्याच लागतात.

‘से’ तर आपल्या गावकऱ्यांच्या तोंडातही आहे. महाराष्ट्रातल्या कोर्टांत वकील ‘से दाखल करा’ म्हणतात आणि अशील ‘म्हणणं सादर करायचं आहे’ म्हणून घरी येतो. जमिनीच्या वादात तारखा केलेल्या शेतकऱ्याला ‘से’ म्हणजे ‘म्हणणं’ हे शिकवावं लागत नाही. त्याचा मुलगा आपल्या वर्गात बसलेला असतो. ती जोडी आपण फळ्यावर का आणत नाही?

मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. ‘मले सांगतलं’ म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या तासाला आधी मराठीसाठी गप्प केलं जातं. आपल्या झाडीबोलीतला ‘मले’ आणि प्रमाण मराठीतला ‘मला’ यांचं काम एकच आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिला लेखी मान मिळवून दिला. आपण शिक्षकांनी तिला वर्गात तरी मान द्यायला हवा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सहा वर्षांच्या लेकराजवळ त्या वेळी शब्दकोश नसतो, घरची बोलीच असते. तीही काढून घेतली तर ते कशाच्या आधाराने शिकणार?

म्हणून माझी विनंती आहे. येत्या सत्रात या चार शब्दांपुढचा अर्थाचा रकाना कोरा ठेवा. मुलांकडून घरची वाक्यं घ्या: कोण कोणाला म्हणालं, कुणी काय सांगितलं, कोण कुणाशी बोललं, कोण कुणाला बोललं. ती त्यांच्या बोलीतच फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर इंग्रजी वाक्य पूर्ण लिहा, सुटा शब्द नको. पुढच्या मेळाव्याला येताना त्या वह्या सोबत आणा.