नवी वस्तू पाहताना

श्रोतेहो, संक्रांतीला सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा भरतो. पाळण्याइतकीच गर्दी तिथे आणखी एका जागी असते. एक गडी फळीवर कोबी, गाजर, बटाटा ठेवतो आणि हातातल्या किसणीने अशा काही चकत्या पाडतो की आयाबाया पाहतच राहतात. तोंड अखंड चालू. किंमत मात्र अगदी शेवटी सांगणार! तीच किसणी घरी आणली की गाजर निम्म्यात अडते आणि बोट कापते. तरी पुढच्या वर्षी आपण तिथे उभे राहतोच. पाहण्यात मौज आहे, आणि ती घेण्यात काही वावगे नाही.

हाच खेळ आता फार मोठ्या मांडवात होतो. अमेरिकेतली अ‍ॅपल कंपनी नवा फोन दाखवते, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. तरी मुले जागतात. सकाळी बार्शी-सांगोल्याच्या शाळांतही त्या फोनच्या कॅमेऱ्याची चर्चा अशी चालते, की जणू तो दप्तरातच आहे.

या खेळाचा गाजलेला प्रयोग ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज मंचावर आले. आज तीन वस्तू आणल्या आहेत, म्हणाले: गाणी ऐकण्याचे यंत्र, फोन आणि इंटरनेटचे साधन. तीच तीन नावे ते फिरूनफिरून घेत राहिले, आणि हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की वस्तू तीन नाहीत, एकच आहे. सभागृह दणाणले. आपल्या कीर्तनकारालाही ही हातोटी ठाऊक आहे. उत्तर आधी सांगायचे नाही, ते श्रोत्यांच्या तोंडून येऊ द्यायचे.

पडद्यामागची हकीकत पुढे त्या कामावरच्या इंजिनिअरांनीच सांगितली. तो फोन अजून कच्चा होता, मध्येच बंद पडे. म्हणून आधी काय दाखवायचे, मग काय, हा क्रम ठरवून त्याची तालीम केली होती. तो क्रम मोडला तर भर सभेत फजिती. रेंज दाखवणाऱ्या काड्याही नेहमी पाचच दिसाव्यात अशी सोय करून ठेवली होती. मी याला लबाडी म्हणणार नाही. २९ जूनला फोन अमेरिकेच्या दुकानांत आला आणि तो चांगला चालला. पण जानेवारीत लोकांनी पाहिली ती तालीम होती, हे विसरू नये.

आता आपल्याकडचे उदाहरण घ्या. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो मोटार दाखवली. किंमत एक लाख! केवढा गलका झाला तेव्हा! दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली, मोटार कोणाला आधी द्यायची यासाठी सोडत काढावी लागली. आणि २०१८ साली त्या गाडीचे उत्पादन थांबले. टाळ्या आणि खप यांचे गणित निराळे असते, ते असे.

उलट लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असा लोकांचा समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली म्हणतात. टाळ्या कुठल्या? पण नांगर ढेकळांत चालतो की नाही, हे ज्याचे त्याला बांधावर उभे राहून दिसत होते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

तुम्ही म्हणाल, आम्हांला अमेरिकेच्या फोनशी काय करायचे? पण डाळिंबाचे पैसे हाती आले की घरात फोनचा हप्ता सुरू होतो, तो या गलक्यातूनच. फवारणीच्या ड्रोनचे प्रात्यक्षिक गावात होते, तेही ठरलेल्या क्रमानेच होते. तेव्हा मांडवात बसून राहू नका. आपल्या रानात, वारा असताना उडवून दाखवा म्हणा. एका बॅटरीत किती रान होते? पंख तुटला तर दुरुस्ती सोलापुरात होईल की पुण्याला धाडावा लागेल? विचारा. लाजू नका, सोलापुरी चादर घेताना आपण पोत चाचपतोच की.

आणि गुरुजी, बाई, तुम्हांला एक सुचवतो. पुढच्या वेळी असा कार्यक्रम झाला म्हणजे मुलांना रागावू नका, तो वर्गातच पाहू द्या. मग वहीच्या एका बाजूला काय दाखवले ते लिहायला सांगा आणि दुसऱ्या बाजूला काय सांगितले नाही ते: हाती कधी मिळणार, करासकट किंमत किती, काच फुटली तर खर्च केवढा. वही कपाटात ठेवून द्या, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलांच्या हाती पुन्हा द्या.