हात घाट्यात अन् फोन वाजतोय



मी जळगाव जिल्ह्यातल्या बचत गटांबरोबर काम करते. आज एका छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि आपल्याला उचलता येत नाही. अशा वेळी आपल्या वतीनं कोण बोलतं?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एक काकू बिबडे थापत होत्या. तुम्हाला माहीतच आहे, ज्वारीचा घाटा चुलीवरून उतरला की गरम आहे तोवर ओल्या कपड्यावर थापावा लागतो. तेवढ्यात सुरतहून फोन आला. आपल्या खान्देशची कितीतरी कुटुंबं तिकडे आहेत, आणि बिबडे लागतात ते गावाकडचेच. फोन नातवानं घेतला, "आजी कामात आहे" म्हणाला आणि ठेवून दिला. काकूंना सांगायचं तो विसरला. रात्री काकूंनी फोन केला तेव्हा त्या बाईंनी दुसरीकडे पंधरा किलोची ऑर्डर देऊनही टाकली होती. काकू नातवावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काय बोलायचं हे त्याला आपण कुठं शिकवलं?"

परदेशात फोन उचलला नाही की ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येतो, त्याला व्हॉइसमेल म्हणतात. आपल्याकडे तो फारसा रुजला नाही. आपल्याकडे रुजला तो मिस्ड कॉल. पण तेच काम आपल्या साध्या मोबाईलवरही करता येतं.

पहिली सोय फोनमध्येच असते. बऱ्याच स्मार्टफोनवर कॉल कापताना तयार मेसेज पाठवता येतो. तो बहुतेकदा इंग्रजीत असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठीत लिहून ठेवा.

दुसरी सोय व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप 2018 साली आपल्याकडे आलं आणि ते फुकट आहे. त्यात स्वागताचा मेसेज लिहून ठेवता येतो. नवीन गिऱ्हाइकानं मेसेज केला, किंवा जुन्यानं 14 दिवसांच्या खंडानंतर केला, तर तो आपोआप जातो. कामाच्या वेळेसाठी वेगळा मेसेजही ठेवता येतो. मात्र हे मेसेज लेखी असतात, आणि ते मेसेज करणाऱ्यालाच जातात, फोन करणाऱ्याला नाही.

म्हणून तिसरी सोय मला जास्त आवडते: आपल्या आवाजातला निरोप. एकदाच नीट रेकॉर्ड करायचा, व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला पाठवून ठेवायचा आणि मिस्ड कॉल दिसला की पुढे धाडायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो समजतो.

काकूंचा निरोप आम्ही असा केला: "नमस्कार. मी…" इथं स्वतःचं नाव. "बिबडे, कुरडया, उडदाचे पापड घरी बनवते. आत्ता हात कामात आहेत. काय पाहिजे आणि किती किलो, ते याच नंबरवर बोलून पाठवा. संध्याकाळी सहा ते आठमध्ये मी स्वतः फोन करेन." बस, वीस सेकंदांत संपतो.

रेकॉर्ड करताना पंखा आणि कूलर बंद करा. कुकर लावलेला नको. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधड्यांच्या थप्पीजवळ बसा. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. कागदावर लिहून घ्या, पण वाचल्यासारखं बोलू नका. दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोला. गिऱ्हाईक अहिराणी बोलणारं असेल तर "तुमना फोन उना, बरं वाटनं" असं म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

दोन गोष्टी मात्र टाळा. "घरी कोणी नाही", "आम्ही आठ दिवस गावाला चाललोय" असं निरोपात सांगू नका, घराचा पूर्ण पत्ताही नको. आणि पाळता येईल तीच वेळ सांगा. सहाला फोन करते म्हणून केला नाही, तर निरोप नसलेला बरा.

सगळ्यात अवघड काय गेलं, सांगू? नाव. पहिल्या वेळी काकू मिस्टरांचं आडनाव घेऊन "त्यांच्या घरून बोलतेय" म्हणाल्या. दुसऱ्यांदा नुसतं "गटातून बोलतेय". मी म्हटलं, "काकू, बिबडे कोण थापतं?" त्या हसल्या. पाचव्या वेळी स्वतःचं नाव स्पष्ट आलं. रेकॉर्डिंग ऐकताना त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "लग्नानंतर माझं नाव मी एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदा घेतलं."

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या, आणि त्यांचं पुस्तक आलं ते त्यांच्या मागे, 1952 साली. आपला आवाज आपणच जपून ठेवायची सोय आज आपल्या हातात आहे.

नातवालाही आम्ही तीन वाक्यं शिकवली: "आजी कामात आहे. तुमचं नाव सांगा. ती संध्याकाळी फोन करेल." त्यानं ती फोनजवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीत.

आज रात्री स्वयंपाकघर आवरलं, कूलर बंद केला की वीस सेकंद स्वतःसाठी काढा. सुरुवात आपल्या नावानं करा.