राणीचा चहा



चहावर व्याख्यान आहे म्हटल्यावर मध्यंतरात चहा मिळेल, अशी आशा काहींना वाटली असेल. ती पुरी करणे माझ्या हाती नाही. पॅरिसमधल्या एका चहाच्या दुकानापर्यंत मात्र आपणांस नेतो.

'निनाज' हे त्या पेढीचे नाव. आपले मूळ ती १६७२ सालच्या एका अत्तरवाल्यापर्यंत नेऊन भिडवते. तिचा नामांकित चहा मारी आंत्वानेत राणीच्या नावाचा. सिलोनच्या काळ्या चहाला सफरचंदाचा आणि गुलाबाचा वास दिलेला; ही फळेफुले व्हर्सायच्या राजवाड्याजवळच्या 'राजाच्या भाजीमळ्या'तली, असे पेढी सांगते.

आता थोडा हिशेब मांडू. राणीचा शिरच्छेद झाला १७९३ साली. सिलोनात जेम्स टेलरने चहाचा मळा लावला १८६७ साली. म्हणजे राणीच्या नावाचे हे पान राणीच्या ओठांना लागणे शक्यच नव्हते! तिच्या काळी युरोपात येई तो चीनचा चहा. (आपल्या दुधाळ चहाबद्दल ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी सांगतो : मादाम द ला साब्लिएर ही बाई चहात दूध घालते, असे मादाम द सेव्हिन्ये हिने १६८० सालीच पत्रात नमूद केले आहे.)

पण पॅरिसकरांना हसण्याचा अधिकार आपणा नगरकरांना कितपत आहे? शहा डोंगरावरच्या त्या तीनमजली इमारतीला आपण 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. ती कबर आहे सलाबतखानाची, मुर्तजा निजामशहाच्या वजिराची. १५९५-९६ साली मोगलांविरुद्ध किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीच्या कीर्तीला दुसऱ्याच्या कबरीची काय गरज होती? पण राणीचे नाव लोकांच्या तोंडी बसते, वजिराचे बसत नाही. फराहबागेचे काम १५८३ च्या सुमारास याच वजिराने तडीस नेले. मधोमध वाडा, भोवती तलाव, खापरी नळांनी आणलेले पाणी!

व्हर्सायचा तो मळाही राजाच्याच हौसेचा. चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या वर्षांत तो उभा केला. सुमारे बावीस एकरांचा. राजे गेले, राणी गेली, राज्यक्रांती झाली. पण झाडांची छाटणी चुकली नाही. आज तेथे भूदृश्यरचना शिकवतात आणि मळ्यातली फळे लोकांना विकत मिळतात. पेढीच्या वंशावळीवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. पण त्या सफरचंदाचे झाड दाखवता येते, हे मानलेच पाहिजे.

आपल्या फराहबागेत वाड्याच्या भिंती आहेत. बाग नाही.

उद्या येथल्या एखाद्या धडपड्या तरुणाने 'चांदबिबी चहा' काढला, तर गिऱ्हाईक खात्रीने मिळेल. पत्ती आसामची येईल. साखर प्रवरानगरची, तिला तोटा नाही. दूध घरच्या गोठ्यातले. गुलाब मात्र त्याला मुंबईहून बाटलीतून आणावा लागेल.