दार आपोआप कां मिटतें?



बँकेचें कार्यालय हल्लीं आपल्या दिवाणखान्यांत येऊन बसलें आहे. विजेचें देयक, मुलांची फी, मुदतीची ठेव हीं सारीं कामें पडद्यावर होतात. परंतु मध्येंच कोणी हांक मारतें, दहा मिनिटें जातात, आणि परत येऊन पाहावें तों सूचना झळकत असते: ‘आपलें सत्र संपलें आहे, पुन्हां प्रवेश करा.’ अर्धा भरलेला अर्जही नाहींसा झालेला असतो. माणूस चिडतो, हें स्वाभाविकच आहे. तथापि ही अडचण बँकेनें बुद्ध्याच कां निर्माण केली, याचा आज थोडा विचार करूं.

जुन्या बँकांतील पितळी बिल्ला पुष्कळांना आठवत असेल. धनादेश खिडकींत दिला, कीं कारकून क्रमांक कोरलेला बिल्ला हातीं देई. क्रमांक पुकारला म्हणजे तो दाखवून रोखपालाकडून पैसे घ्यावयाचे. आजच्या व्यवहाराचें मर्म असेंच आहे. ज्या नियमांनीं ब्राउझर व बँकेचा संगणक एकमेकांशीं बोलतात, त्यांत मागील बोलण्याची आठवण ठेवण्याची सोय मुळांतच नाहीं. म्हणून पासवर्डानें ओळख पटली, कीं बँकेचा संगणक कोणास तर्क करतां येणार नाहीं अशी एक लांबलचक खूण ब्राउझरच्या स्वाधीन करतो. पुढील प्रत्येक विनंतीबरोबर ती खूण जाते, आणि तेवढ्यावरून आपण ओळखले जातों. अर्थात् ती खूण ज्याच्या हातीं, किंवा उघडा पडदा ज्याच्या पुढें, तोच त्या वेळेपुरता खातेदार!

यावर उपाय म्हणजे त्या खुणेचें आयुष्य मोजकें ठेवणें. त्याच्या मर्यादा दोन. कांहीं हालचाल न झाल्यास थोड्या मिनिटांत संपणारी एक; आणि काम चालूं असलें तरी ठराविक काळानें पुन्हां ओळख मागणारी दुसरी. युरोपीय संघांत १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनीं पहिली मर्यादा ५ मिनिटांहून अधिक नसावी, असें ठरविलें. आपल्या रिझर्व्ह बँकेनेंही फेब्रुवारी २०२१ च्या निर्देशांत निष्क्रिय सत्र ठराविक अवधीनंतर आपोआप बंद व्हावें, असें बजावलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्राउझरची खिडकी मिटली म्हणजे व्यवहार मिटला, असें नेहमींच नसतें. बँकेच्या दप्तरीं ती खूण मुदत संपेपर्यंत जिवंत राहूं शकते. ‘लॉग आउट’ केलें, कीं ती तत्काळ रद्द होते. कचेरींतील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

मात्र वृद्ध, अंध किंवा सावकाश टंकणाऱ्या मनुष्यास ५ मिनिटें अपुरीं पडतात, ही तक्रार खरी आहे. संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीं २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत यावर एक मार्ग सुचविला आहे: मुदत संपण्यापूर्वीं सूचना द्यावी, आणि एक साधी कळ दाबून ती वाढविण्यास किमान २० सेकंद द्यावे. सुरक्षितता आणि सौजन्य यांचें वैर नाहीं.

शेवटीं एवढेंच लक्षांत ठेवावें, कीं हें घड्याळ उघड्या राहिलेल्या दाराची राखण करतें. आपण होऊन दिलेल्या किल्लीची नव्हे. दूरध्वनीवरील गोड आवाजाला ओटीपी सांगितला, तर कोणतीही मुदत आपणांस वांचवूं शकत नाहीं. दार मिटण्याचें काम यंत्र करील. किल्ली सांभाळण्याचें काम आपलेंच आहे.